शिवाने दिलेलं मशीन

२ ऑगस्ट १९८७, रविवार

शिवा भाटकराचा कॉम्प्युटर आज घरी आणला. रिक्षावाला आधी नाहीच म्हणत होता. खोक्यात काय आहे ते कळल्यावर त्याने स्वतः उचलून आत ठेवला आणि वाटेत प्रत्येक खड्ड्याला माझी माफी मागत आला. मशीनचीच मागत असेल, पण ऐकत मी होतो.

शिवा माझ्या शाळेतला. बोटीवर नोकरीला आहे. चार वर्षांपूर्वी सिंगापूरहून हे धूड हौसेने घेऊन आला. त्याच्या मुलांनी एक पावसाळा त्यावर खेळ खेळले, मग ते बंद पडलं आणि वहिनींनी त्यावर विणलेलं कापड घालून फुलदाणी ठेवली.

"घेऊन जा मेल्या," शिवा म्हणाला. "चालू झालं तर तुझं. नाय झालं तरी तुझंच. परत आणू नको."

बायको, सगुणा, दारातच उभी होती. "दुकानात मेलेले रेडिओ कमी पडले काय?"

म्हटलं, राहीसाठी आणलंय.

राही बी.कॉम. होऊन घरी बसली आहे. बँकांच्या परीक्षा देते. माझ्या मनात असं आहे की हे मशीन मधल्या खोलीत मांडायचं. आंबेवाल्यांची लेबलं, सोसायटीची बिलं, लग्नपत्रिकांच्या पाकिटांवरचे पत्ते, सगळं पोरीने छापून द्यायचं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये राही. काम घरातलं, जेवण आईच्या हातचं. अजून तिला बोललो नाही. आधी मशीन बोलू दे.

५ ऑगस्ट

झाकण उघडलं. आत खारी हवा शिरलेली. चिपांचे पाय हिरवे पडलेले, आमच्या बंदरातल्या खिळ्यांसारखे. एकेक चिप उपसली, खोडरबराने पाय घासले, स्पिरिटने पुसले, परत बसवली. कुठली कुठे हे चुकू नये म्हणून राही कागदावर नकाशा काढत बसली होती. लहानपणी ती याच बाकाखाली पोतं अंथरून झोपायची. सेटची घरघर थांबली की जागी व्हायची आणि विचारायची, "बाबा, मेला?"

मशीन सुरू केलं तर नुसती गुणगुण. पण गुणगुण ऐकली आणि मला एकदम लॅमिंग्टन रोडवरचं अब्बासभाईंचं दुकान आठवलं. मी सोळा वर्षांचा, हातात नुसता स्क्रूड्रायव्हर. अब्बासभाई दिवा मालवायचे, सेट चालू करायचे आणि म्हणायचे, "बोल कोकणी, क्या मर गया?" अंधारात ऐकून सांगायचं. चुकलं तर चहा आणायला जायचं. पहिल्या वर्षी मी फार चहा आणला.

ही गुणगुण फिल्टर कंडेन्सरची. वाल्वच्या सेटमध्ये असायची तीच, सिंगापूरला जाऊन आली म्हणून काही बदलली नाही. कंडेन्सर बदलला. पडदा हिरवा झाला आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ आली. राहीने वाचली. मशीन फ्लॉपी मागत होतं.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

फ्लॉपी घातली तर फिरते, पण वाचत नाही. आवाज पट्टा सैल झालेल्या टेपरेकॉर्डरचा. ड्राइव्ह उलटा केला, तर खरंच, आत पट्टा! आणि चाकावर काळ्यापांढऱ्या रेघा छापलेल्या. ट्यूबलाइटच्या उजेडात रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या की वेग बरोबर. ज्याने हे योजलं तो आमच्याच धंद्यातला माणूस असणार. टेपचा एक पट्टा मापात बसला, बारीक स्क्रू फिरवत गेलो, रेघा थांबल्या.

पडद्यावर 'ए' आलं आणि त्यापुढे बाणाचं टोक. राहीचा नारळीभात ताटात तसाच राहिला.

मशीनबरोबरचं पुस्तक ती दोन दिवस वाचते आहे. म्हणाली, या पेटीत दोन मेंदू आहेत. जुन्या मेंदूवर सीपीएम नावाची ऑपरेटिंग सिस्टम चालते, नव्यावर डॉस. शिवाकडे दोन्हींपैकी फक्त सीपीएमची फ्लॉपी होती.

"ऑपरेटिंग सिस्टम म्हणजे काय गो?"

"मशीनला जाग आल्यावर हात कुठे, पाय कुठे हे त्याला सांगणारी फ्लॉपी. तिच्याशिवाय हा नुसता हिरवा दिवा, बाबा."

"मग सीपीएमने हात-पाय सांगितलेत ना? झालं तर."

तिने फ्लॉपी काढून पाकिटात घातली. पुस्तकाची डॉसची पानं मात्र दुमडून ठेवलेली दिसली.

१८ ऑगस्ट

राही झपाट्याने शिकते आहे. मशीनबरोबर आलेल्या शिवाच्या प्रिंटरवर आज पहिली लेबलं निघाली. सोसायटीचे सेक्रेटरी बघून गेले. जाताना बघण्यासारखा चेहरा.

येसूबाई कोळीण कॅसेट घेऊन आली. तिचा बाबू आखातात असतो, तिकडून आवाज भरून पाठवतो. "पोराचा आवाज बसला रे काशिराम, आजारी तर नसेल?" घरी ही कॅसेट कुठे ठेवते विचारलं तर म्हणाली, रेडिओवर, स्पीकरच्या अगदी वर. तोंड सोडून ओरडलो तिला. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं मावशी, टेपवरचं सगळं ते खाऊन टाकतं, पोराचा आवाज तू स्वतः पुसलास. मग वाईट वाटलं. राहिलेला आवाज जमेल तितका वाढवून दुसऱ्या कॅसेटवर उतरवून दिला. बाबू ठणठणीत आहे. आईला विचारतोय, सुकटी पाठवलीस काय.

३० ऑगस्ट

गणपतीला रघू आलाय. माझ्या बहिणीचा मुलगा, मुंबईत कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे. आरती झाल्या झाल्या मशीनपुढे जाऊन बसला.

"मामा, कमाल केलीत. पण सीपीएम मेला आता. मुंबईत सगळीकडे डॉस."

"मेला म्हणजे? आत्ता तुझ्यासमोर लेबल काढलं ना त्याने?"

"तसं नाही हो. नवीन काही निघतं ते डॉससाठीच निघतं. सीपीएम शिकून राहीला नोकरी कोण देणार?"

"नोकरी कशाला? तिला इथे काम आहे."

रघूने राहीकडे बघितलं, राहीने मोदकाच्या ताटाकडे. मग रघूने सांगितलं. त्याच्या ऑफिसात मुली घेणार आहेत. नोव्हेंबरात परीक्षा, प्रत्यक्ष मशीनवर, डॉसवर. राहीचा अर्ज गेलेला आहे.

मी म्हटलं, छान. मुलीने परीक्षा द्यायला माझी काहीच हरकत नाही. मी फक्त मशीनच्या बाजूने बोलतोय. मशीन ज्या सिस्टमबरोबर आलं तिच्यावर ते खुशीत चालतं. मेमरी बेताची, त्यात डॉस जड. उगाच वाल्वच्या सेटला ट्रान्झिस्टरची बॅटरी कशाला जोडायची?

रघूने डॉसची फ्लॉपी आणली होती, ती घातली. ड्राइव्ह खट खट करत राहिला, पण काही नाही. रघूच्या लक्षात आलं की ही ऑफिसातल्या पीसीची. या मशीनला याच बनावटीसाठी केलेला डॉस लागतो. तो कोणाकडे मिळणार?

मशीनलाच नको असेल तर आपण काय करणार, असं मी म्हणालो. त्या दिवशी मी उकडीचे मोदक जरा जास्तच खाल्ले.

१३ सप्टेंबर

रघू चिवट. फोर्टातल्या एका ऑफिसात अगदी हीच मशीनं आहेत म्हणे. तिथून डॉसची फ्लॉपी उतरवून त्याने एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवली. राही सकाळपासून स्टँडवर जाऊन थांबली होती.

लागली. नवा मेंदू जागा झाला. पडदा तोच, 'ए' तेच, बाणाचं टोक तेच. मला तर काही फरक दिसला नाही. राहीला दिसला. तिने आईला हाताला धरून आणलं आणि दाखवलं. सगुणा म्हणाली, "बरं दिसतंय हो," आणि माझ्याकडे बघितलं.

फ्लॉपीची दुसरी प्रत करून ठेवायला हवी. कोरी फ्लॉपी रत्नागिरीत मिळत नाही. राही म्हणाली, शिवाकाकांच्या खेळांची एक पुसून द्या. म्हटलं, देतो. पण शिवाला विचारायला हवं, वस्तू त्याची.

१७ सप्टेंबर

शिवाला विचारायचं राहिलं. टीव्ही फार आलेत दुकानात.

राही दिवसभर मशीनवर असते. लेबलांचं काम मागे पडलंय. एक सांगायला हवं, चुकली की स्वतःशीच हसते आणि परत सुरू करते, ते इकडे बाकावर ऐकू येतं. रेडिओचे दिवस आठवतात. दुकानात दहा सेट एकदम लागलेले असायचे, एकावर सिलोन, एकावर बातम्या, त्यात पोर रांगत असायची, आणि मला प्रत्येकाचा आवाज वेगळा कळायचा.

२० सप्टेंबर

वाईट झालं.

आज ती प्रत करून टाकू म्हणून डॉसच्या फ्लॉपीचं पाकीट मी बाकावर आणलं होतं. खिडकीतून वारा शिरत होता, कागद उडत होते. पाकिटावर हाताला येईल ते वजन ठेवलं. दुपारी राहीने फ्लॉपी नेऊन घातली. इकडे मला ड्राइव्ह ऐकू आला. खट. खट. खट. उठायच्या आधीच कळलं.

वजन म्हणजे फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक. आम्हा रेडिओवाल्यांच्या प्रत्येक बाकावर असं एक असतं, सुटे स्क्रू त्याला चिकटवून ठेवायला.

राही येऊन बाकापाशी उभी राहिली. लोहचुंबकाकडे बघत म्हणाली, "बाबा, हे त्यावर तुम्ही ठेवलंत?"

"वारा होता गो."

"हो," ती म्हणाली. "वारा होता."

२२ सप्टेंबर

सगुणाने भात वाढता वाढता विषय काढला.

"येसूबाईला ओरडलात ते मी आतून ऐकलं होतं."

"सवयीने हात गेला."

"तुमच्या हाताला सवय हाय ती लोहचुंबकावर स्क्रू ठेवायची. लोहचुंबक कशावर तरी ठेवायची सवय कधीपासून लागली?"

सगुणाला धंद्यातल्या बारीक गोष्टी कळत नाहीत. वाद वाढवला नाही.

रघूला कळवलंय. तो म्हणतो, त्या ऑफिसातली माणसं एकदाच देतो म्हणाली होती, परत मागायला तोंड नाही. आणि ती मशीनं ते दिवाळीनंतर काढून टाकणार आहेत.

२७ सप्टेंबर

राही परत सीपीएमवर बसते. लेबलं वेळेत होतात. सोसायटीची बिलं झाली. काही सांगितलं की "हो बाबा". जेवायला बोलावलं की "आले बाबा". तक्रार नाही. मला बरं वाटायला हवं.

पण कीबोर्डात काहीतरी बिघाड आहे. आवाज बदललाय. आधी ती भराभर मारायची, मध्येच थांबायची, परत सुटायची. आता एकसारखं टक, टक, टक, जसा सरकारी कारकून शिक्के मारतो. कळांच्या स्प्रिंगा बसल्या असाव्यात. हवा खारीच आहे.

२८ सप्टेंबर

कीबोर्ड उघडला. सगळ्या कळा काढून साबणाच्या पाण्यात धुतल्या, स्प्रिंगा पुसल्या, उन्हात वाळवून परत लावल्या. राही टाइप करायला बसली. आवाज तोच.

२९ सप्टेंबर

कीबोर्डात दोष नाही.

४ ऑक्टोबर, रविवार

सुटे भाग आणायला मुंबईला जातो असं घरी सांगितलं. राही म्हणाली, "हो बाबा." सगुणाने न विचारता जास्तीच्या भाकऱ्या बांधल्या. "कोणाला देऊ एवढ्या?" म्हटलं तर म्हणे, "ज्याच्याकडे मागायला जाताय त्याला."

एसटीत खिडकीची जागा मिळाली. मी पहिल्यांदा मुंबईला गेलो तो आगबोटीने. बोट लांब उभी राहायची, तिथवर पडावातून जावं लागे. तो पडाव माझ्या वडिलांचाच, आप्पांचा. बाकीचे उतारू ओरडत होते, कोणाची कोंबडी सुटलेली, कोणाचा फणस पाण्यात पडलेला. आप्पांनी माझी ट्रंक शिडीवरून वर दिली आणि म्हणाले, "वर धर नीट." बस्स. मग पुढच्या खेपेची माणसं आणायला पडाव वळवला. मी कठड्याला टेकून वल्ह्यांचा आवाज ऐकत राहिलो, भोंगा होईपर्यंत. आप्पांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांना तेव्हा काय वाटलं होतं, हे विचारायचं माझ्या कधी डोक्यातही आलं नाही.

कशेडी घाटात शेजारच्याला उलटी झाली, तेव्हा या विचारांतून सुटलो.

५ ऑक्टोबर, मुंबई

रघू यायला तयार नव्हता. "मामा, मी दोनदा कसा मागू?" म्हटलं, तू दारापर्यंत चल, मागतो मी.

फोर्टातल्या ऑफिसात एका रांगेत शिवाच्या मशीनची भावंडं. त्यांच्यावर गुणवंती नावाची बाई काम करते, तिशीची असेल, मूळची गुहागरची. भाकऱ्या आणि सुकटीची चटणी तिच्या टेबलावर ठेवली, मग काय झालं ते सांगितलं. लोहचुंबकाचंही सांगितलं.

ती हसली नाही. "रेडिओ दुरुस्त करता ना तुम्ही, काका?" एवढंच म्हणाली आणि फ्लॉपी काढायला उठली.

प्रत होत होती तोवर मी ड्राइव्हचा आवाज ऐकत उभा होतो. तिचा डावा ड्राइव्ह जरा घसरतोय. पट्टा बदलायला सांगितलं. मग विचारलं, "इथे एकटी राहतेस काय?"

"दादरला हॉस्टेलवर. चौघी आहोत."

"घरची आठवण येते?"

"येते ना. रविवारी येते."

"मग?"

"मग सोमवार येतो, काका."

तिने एक नाही, तीन प्रती करून दिल्या. म्हणाली, एक लोहचुंबकासाठी.

७ ऑक्टोबर

फ्लॉप्या भाकरीच्या डब्यात घालून डबा सबंध रस्ताभर मांडीवर ठेवला. शेजारचा म्हातारा विचारत होता, औषध आहे काय? म्हटलं, हो, पोरीचं.

घरी आलो तेव्हा राही बिलं छापत होती. डबा तिच्यापुढे ठेवला. तिने उघडला. एकेक करून तिन्ही फ्लॉप्या बाहेर काढल्या. मग म्हणाली, "सुकटीचा वास येतोय बाबा याला."

"वासाने पुसलं जात नाही. विचारून आलोय."

तेव्हा ती हसली. त्या वाऱ्याच्या दिवसानंतर आज पहिल्यांदा.

लोहचुंबक येसूबाईला देऊन टाकलं. सुया चिकटवून ठेवेल. ती म्हणाली, "रेडिओपासून लांब ठेवीन हो, ओरडू नको."

११ ऑक्टोबर

आज आम्ही दोघांनी बसून हिशेबाने ठरवलं. राही डॉसवर शिकणार. सोसायटीचं काम जुन्या मेंदूवर, सीपीएमवर, आणि ते तिने मला शिकवायचं. मी म्हटलं, माझी बोटं जाड, एका वेळी दोन कळा दाबल्या जातात. ती म्हणाली, "पुसायची कळ पण आहे, बाबा. ती शिका आधी."

मधल्या खोलीत परत पूर्वीसारखा आवाज आहे. भराभर, थांबणं, हसणं. कीबोर्ड धुतल्याचा फायदा उशिरा दिसला असंही म्हणता येईल. सगुणाजवळ मी तसं म्हटलं. तिने लाटणं खाली ठेवून माझ्याकडे बघितलं, म्हणून पुढे बोललो नाही.

१५ नोव्हेंबर

परीक्षा देऊन आली. रघूने समोरच्या मेडिकलमध्ये फोन करून कळवलं, घेतली. एक डिसेंबरला हजर व्हायचं. गुणवंतीच्या हॉस्टेलवर जागा आहे.

आळीत पेढे वाटले. शिवा बोटीवर जायच्या आधी येऊन गेला. म्हणाला, "बघ, माझ्या फुलदाणीच्या टेबलाने तुझी पोर नोकरीला लावली."

२९ नोव्हेंबर

सकाळच्या गाडीने गेली. बॅग मी वर चढवली. "नीट जा" म्हटलं. गाडी मारुती मंदिराकडे वळेपर्यंत इंजिन ऐकलं. सायलेन्सर फुटलाय तिचा.

दुकानात पहिलं गिऱ्हाईक येसूबाईच. "गेली काय रे पोर?"

"गेली नाय. मी पाठवली."

हे बोलताना छाती पुढे आली होती. ती गेल्यावर बराच वेळ एक साधा स्क्रू सापडत नव्हता.

१३ डिसेंबर, रविवार

राहीचा फोन, मेडिकलमध्ये. ट्रंक कॉलला लाइनवर खरखर फार असते. मेडिकलवाल्याला ओरडून बोलावं लागतं, मला नाही.

तिकडची मशीनं नवी आहेत म्हणाली. आत हार्ड डिस्क असते, फ्लॉपीचा आवाजच येत नाही. "मग बिघडलं तर कळतं कसं?" विचारलं. पडद्यावर लिहून येतं म्हणाली. मी म्हटलं, सोसायटीची बिलं मी एकट्याने काढली, दोन कागद फुकट गेले. हसली. जेवण कसं विचारलं, बरं आहे म्हणाली. आवाजावरून बरं नाही.

मग दोघांकडचं बोलणं संपलं, आणि वेळ तर शिल्लक होता.

मी म्हटलं, "राही, तू जाऊ नये असं मला वाटत होतं."

मेडिकलवाला औषधाच्या बाटल्या पुसत होता, तो थांबला. पलीकडून काही नाही. लाइन तुटली नव्हती. तुटली की खरखर बंद होते, ते मला कळतं. तिच्या श्वासाचा आवाज येत होता.

"मलाही वाटत होतं, बाबा," ती म्हणाली.

घरी आल्यावर सगुणाने विचारलं, काय म्हणाली पोर? म्हटलं, तिकडे अजून थंडी पडली नाही.